बीबीचा माड

कोकणातला माणूस परमुलखात गेला की आधी मासळी कुठे मिळते ते बघतो आणि मग माड कुठे दिसतो ते. ओमानातल्या इब्र्याला मासळी मिळायची, बर्फातली का होईना. माड मात्र नव्हता. खजूर होते. नजर पोचेल तिथवर खजूरच खजूर. पण खजुराला माड म्हणून मनाचं समाधान करून घ्यायला माणूस फारच भोळा असावा लागतो, आणि मालवणाजवळच्या वायंगणीचा भिकाजी तेवढा भोळा नव्हता. दुसऱ्या बाबतीत तो किती भोळा होता, ते पुढे येईलच.

भिकाजी बीबी झुवेनाच्या बागेत माळी होता. बीबी म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बाई, वय ऐंशीच्या पुढचं. घराणं ओमानचं, पण बीबीचा जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पेंबा बेटावरचा. बापाच्या तिथे लवंगेच्या बागा होत्या. मग तिकडे राज्य उलटलं, माणसं मारली गेली, घरंदारं गेली, आणि ही सगळी मंडळी हाती लागेल ते घेऊन हळूहळू इकडे परतली. बीबी अंगाने परतली एवढंच. बाकीची ती तिकडेच राहिली होती. पेंब्यात शेजारी कच्छी बनिये, आणि थिएटरात हिंदी सिनेमे, त्यामुळे तिला हिंदी येई. मोडकीतोडकी, पण भिकाजीच्या हिंदीपेक्षा बरी. ‘भ’ मात्र तिला जमत नसे.

वीसेक वर्षांपूर्वी बीबीचा भाऊ पेंब्याला जाऊन आला, तेव्हा त्याने तिच्यासाठी मूठभर बिया आणल्या होत्या. त्यातली एक रुजली. पाटाच्या कडेला, खजुरांच्या सावलीत, जिथे ओल कधी हटत नसे तिथे. हे झाड म्हणजे आफ्रिकेतला तेलाचा माड. बुटकं जाड खोड, झावळ्यांच्या देठांना काटे, पण लांबून बघितलं तर थेट माड. वाऱ्यावर झावळ्यांचा आवाजसुद्धा तोच. भिकाजीने कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या खोडावर हात ठेवला आणि त्याला गावी आल्यासारखं वाटलं. चुकलं ते तिथेच.

सकाळी उन्हं तापायच्या आत बीबीची खुर्ची या झाडाखाली ठेवायची, हे भिकाजीचं पहिलं काम. मग बीबी झाडाकडे बघत त्याला सांगत बसे. याला लाल फळांचा घड येतो. फळाचा गर उकळून कुटला की लाल तेल निघतं, आणि आतली बी फोडली की बियांचं वेगळं, पांढरं तेल. बिया भाजून खातात, पोरं खिशात घेऊन हिंडतात. लाल तेलात शिजवलेली चवळी तिची आई करायची. ते सांगताना बीबीच्या तोंडाला खरोखर पाणी सुटे, आणि भिकाजी खांद्यावरच्या फडक्याने तिचे ओठ पुसे. आताशा ती विसरू लागली होती. नासोर हा तिचा मुलगा मस्कतला इंजिनियर, सुट्टीच्या दिवशी येई, तर त्याला ती भावाच्या नावाने हाक मारी. सुनेला विचारी, तू कोणाची गं? पण झाड तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी खुर्चीत टेकली की पहिला प्रश्न ठरलेला.

“बिकाजी, पका?”

पिकणार काय कपाळ! झाडाला कधी फळच धरलं नव्हतं. मग नासोरने इंटरनेटवर काहीबाही वाचून शोध लावला की या झाडाला नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून एकटं झाड वांझ राहतं. पेंब्यात रानभर झाडं, तिथे कोणाचं ना कोणाचं जुळतं. इथे बिचारं एकटं. खजुराला इकडे हाताने पराग लावतातच, तसंच करून बघू म्हणाला. भिकाजीने नरफुलांची पूड बाटलीत भरली आणि स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये, किंगफिशच्या तुकड्यांशेजारी ठेवली. सून कुरकुरली. थंडीत मादीफूल उमललं तेव्हा भिकाजी शिडी लावून वर चढला, काट्यांनी हात ओरबाडून घेतले आणि बाटलीतली पूड फडक्याच्या पुरचुंडीत घेऊन फुलावर झटकली. फळ धरलं! झावळ्यांच्या बेचक्यात मुठीएवढा काळपट घड दिसू लागला. बीबीने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी भिकाजी तिच्यापुढे उकिडवा बसला आणि बोलून गेला, “बीबी, इसका तेल मैं निकालेगा. मेरे हाथ से चवळी बनाके खिलाएगा.”

माणसाने शब्द देताना जरा जीभ आवरावी. पण त्यालाही आनंद झाला होता. इतकी वर्षं त्या घरात त्याने पाणी पाजलं, पालापाचोळा काढला, खजूर उतरवले, ते सगळं दुसऱ्यांनी लावलेलं. हा घड त्याच्या हातून झाला होता. शिवाय बीबी. पहिल्या वर्षी तो तापाने फणफणला होता, तेव्हा हीच म्हातारी काठी टेकत त्याच्या खोलीपर्यंत आली होती आणि दार धरून उभी राहून ओरडली होती की याला पेज करून द्या, हा कोणाचा तरी मुलगा आहे. हे तिला आता आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

त्याने घडाची बातमी फोनवर बायकोला, कलावतीला सांगितली. कलावतीच्या माहेरी माडांची बाग, त्यामुळे माडाच्या बाबतीत ती नवऱ्याला फारशी किंमत देत नसे.

“मीठ घातलंस काय?” तिने पहिलं हेच विचारलं.

“नाय गो अजून.”

“मगे कसली राखण करतंस? माडाक मीठ नको? पहिलोच घड ना तो? घाल बरा भरपूर. नायतर गळान जातलो, मगे बस कपाळाक हात लावन.”

आता यात तिची तरी काय चूक? कोकणात माडाला मीठ घालतात, हे पोरंसोरंसुद्धा सांगतील. आळ्यात मीठ टाकलं की माड ताकद धरतो, फळ गळत नाही. बापजाद्यांपासून चालत आलेलं. भिकाजीला तर आपण हे विसरलो कसे, याचीच लाज वाटली.

तो सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात, रशीदच्या दुकानात गेला. रशीद दापोलीकडचा, इब्र्यात किराण्याचं दुकान टाकून जुना झालेला.

“खडं मीठ हवा रशीदभाय. एक अख्खा पोता.”

“पोता? अरे, काय समुद्र करतोस काय बागेत?” रशीद हसला.

“माडाक घालूचा हा.”

“हां, मग बरोबर.” रशीदने मान डोलावली आणि पोतं बाहेर काढून दिलं. तोही कोकणातलाच. त्यालाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

भिकाजीने आळं खणलं आणि पोतं रितं केलं. खडं मीठ मातीत नीट मिसळलं, वरून पालापाचोळा टाकला, पाटाचं पाणी सोडलं. मनातल्या मनात गावच्या देवाला हात जोडले. कोकणात माडाला मीठ घालतात तेव्हा मागून चार महिने पाऊस येतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तो पाऊस मीठ पोटात घेतो, धुतो, वाहून नेतो, आणि उरलंसुरलं माड खातो. इब्र्यात पाऊस म्हणजे वर्षातून एखाद्या दिवशी अंगणात शिंतोडे. शिवाय हा माड नव्हताच. माडाला खारं चालतं. या झाडाचं माहेर गोड्या पाण्याच्या, भिजक्या रानातलं. पण तोंडावळा सारखा दिसला की माणूस स्वभावही सारखाच धरून चालतो. सोयरिकी अशाच फसतात.

घड काही दिवस झकास फुगला. भिकाजी खूश. मग झावळ्यांची टोकं करपली. ऊन असेल, त्याला वाटलं. मग करपणं देठाकडे सरकू लागलं, कडेकडेने, तपकिरी. एके दिवशी त्याने पालापाचोळा बाजूला केला तर खालची माती पांढरी पडली होती. चिमूट जिभेवर ठेवली. मीठच.

त्याने वरची माती खरवडून टोपल्यांनी बाहेर टाकली. खाली पुन्हा पांढरं. आणखी खोल गेला तर मुळं तुटू लागली. आता एकच उपाय, पाणी. इतकं पाणी की मीठ खोल निघून जावं. आणि पाणी त्याच्या हातात नव्हतं. इब्र्याच्या बागांना डोंगरातून पाट येतो, त्याला फलज म्हणतात. कोणाच्या बागेत कधी आणि किती वेळ पाणी वळायचं, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पाळी आली की आली, गेली की गेली. सुलतानाच्या घरचं लग्न असलं तरी शेजाऱ्याची पाळी तोडता येत नाही. घरची विहीर होती, पण तिचं पाणी मुळातच मचूळ. मिठावर मीठ.

भिकाजी पाळ्या बघणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा भला. त्याने विचारलं, “लेश? कशाला हवंय जास्तीचं?” भिकाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. झाड तहानलंय, एवढंच म्हणाला. म्हाताऱ्याने आभाळाकडे बोट केलं. या दिवसांत सगळ्यांचीच झाडं तहानलेली असतात, इन्शाल्ला पाळी आली की मिळेल.

नासोरला सांगितलं असतं तर त्याने टँकर मागवला असता. हे भिकाजीला कळत नव्हतं असं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोला? पण नासोरला सांगायचं म्हणजे ते घरात फिरणार आणि फिरून बीबीच्या कानावर जाणार. बीबीचं ते तोंड डोळ्यांपुढे आलं की त्याचे पाय तिथेच खिळत. उद्या सांगू, म्हणत एकेक पाळी गेली. तो आपला पिण्याच्या पाण्याचे कॅन आणून, एकेक करून बुंध्याशी ओतत राही. हत्तीच्या दाढेत मिऱ्याचा दाणा.

“बिकाजी, पका?”

“पक रहा है, बीबी.”

रशीदला त्याने सांगितलं. कुणालातरी सांगणं भागच होतं.

“गप रव,” रशीद म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी आवाज खाली आणून. “तुला काय ठावं होता? मीच दिलाय ना पोता? मग माझा पण तोंड बंद. झाड हाय, मरतात झाडा.”

“बीबी इचारता रे रोज.”

“तिला काय कळताय आता? इसारते ती सगळा.”

एका सकाळी घडातली फळं खाली पडलेली दिसली. हिरवट काळी, कच्ची, सुकून सुरकुतलेली. भिकाजीने ती धावत जाऊन गोळा केली, बीबीच्या नजरेस पडायच्या आत. खोलीत नेऊन एक फोडलं. आत कोवळी बी होती, दाबली की पाणी निघे. तेलाचा थेंब नाही. तरी त्याने सगळी फळं पातेल्यात उकळली, कुटली, पिळली. वेडाच होता. वर तरंगलं ते गढूळ फेसासारखं काहीतरी. ते त्याने ओतून दिलं आणि पातेलं घासत बसला.

भर उन्हाळ्यात मधला कोंब वाळला. माडाचा कोंब गेला की संपलं, ते झाडही तसंच. नासोर आला, कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत उभा राहिला. भिकाजी शेजारी उभा राहून मनात म्हणत होता, आता विचारेल, आता सांगून टाकू.

“खलास, बिकाजी,” नासोर म्हणाला. “बहुत गर्मी इस साल. अफ्रीका का झाड है, कितना सहेगा? अल्लाह की मर्जी. तुम क्या करेगा, तुम तो रात-दिन पानी डाला. मैंने देखा.” आणि त्याने भिकाजीच्या पाठीवर हात ठेवला. एखाद्या वेळी हातापेक्षा काठी बरी. भिकाजीचं तोंड पुन्हा मिटलं.

झाड तोडलं. तेही भिकाजीनेच. बीबीला त्या दिवशी मस्कतला नेलं होतं. बुंधा उपटला, खड्डा बुजवला, वर खजुराचं रोप लावलं. बीबीची खुर्ची आता ओसरीत, पाठ बागेकडे करून. ती विचारील तर पिकतंय म्हणून सांगायचं, असं घरात ठरलं. विचारील तर कसलं! रोज विचारी. आणि रोज भिकाजी सांगे, पक रहा है. खोटं बोलून बोलून माणूस सरावतो म्हणतात. तो काही सरावला नाही. उलट दिवसेंदिवस त्याला घास गिळेना.

शेवटी एका सकाळी सून आत गेल्यावर तो खुर्चीपाशी जमिनीवर बसला. सांगून टाकलं सगळं. मीठ, पोतं, पाणी, कच्ची फळं, कुऱ्हाड. हिंदीत जमेना तेव्हा मालवणीत सांगितलं. इथे त्याची बाजू घ्यावी असं कितीही वाटलं तरी एक बोललंच पाहिजे. उद्यापर्यंत ही विसरेल, हे धरूनच तो बोलत होता. देवापुढे बोलायला त्याला धीर झाला नव्हता, कारण देव विसरत नाही.

बीबीने सगळं ऐकलं. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पिसासारखा हलका हात. “रो मत, बेटा. तेरे को मालूम नहीं था.”

भिकाजी हमसून हमसून रडला. दुपारी कित्येक दिवसांनी तो भात दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवला. फोनवर कलावती म्हणाली, “आज आवाज बरो येता तुझो.”

दुसऱ्या दिवशी त्याने बीबीला हात धरून खुर्चीत बसवलं आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिला. बीबीने प्रश्न केला नाही. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“तूने मेरा झाड मारा.”

भिकाजीच्या हातातली उशी खाली पडली.

“नमक डाल के मारा.”

कोण म्हणतं म्हातारी माणसं सगळं विसरतात? मुलाचं नाव गेलं, सून गेली, नवऱ्याची कबर कुठे ते गेलं, काल आपण याच माणसाच्या डोक्यावर हात ठेवला तेही गेलं. एवढं एकच राहिलं, आणि दगडावर कोरल्यासारखं राहिलं. येईल त्याला ती सांगू लागली. कॉफीला आलेल्या शेजारणींना, नातवंडांना, गॅसवाल्याला. या माळ्याने माझं झाड मारलं, मीठ घालून मारलं. भिकाजी दिसला की काठी उचली. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत.

आणि कोणाचाही विश्वास बसेना. कसा बसणार? ज्या मुलखात शेतकरी जन्मभर जमिनीतल्या मिठाशी झगडतो, तिथे कोणी माळी पोतंभर मीठ विकत आणून आपल्या हाताने झाडाला घालील? शेजारणी एकमेकींकडे बघत आणि हळूच मान हलवत. बिचारी बीबी. फारच बिघडलं हो.

नासोर आला तो सरळ भिकाजीच्या खोलीशी. खाली मान घालून म्हणाला, “माफ करो, बिकाजी. अम्मा को होश नहीं है. तुम दिल पे मत लो.”

“अर्बाब, सच है.” या वेळी मालकापुढे भिकाजीचं तोंड उघडलं, आणि उघडलं ते मिटलं नाही. “बीबी सच बोलता है. मैंने नमक डाला. एक पोता. हमारा गाव में डालता है. मैंने मारा, अर्बाब. रशीद से पूछो.”

नासोरने त्याचा खांदा धरला. मग त्याचे डोळे भरून आले. “तुम बहुत अच्छा आदमी है,” तो म्हणाला. “मेरी माँ को कोई झूठा न बोले, इसके लिए अपने पे ले रहा है.” रशीदला विचारायला तो गेला नाही. विचारलं असतं तरी रशीदने काय सांगितलं असतं, ते देव जाणे. गप राहायचं म्हणजे गप राहायचं, हा त्याचा शब्द होता.

डॉक्टरने नवी गोळी लिहून दिली. माणसाला भलतेसलते भास होऊ लागले की देतात ती. भिकाजी सुनेच्या मागे मागे गेला, हात जोडले, “मॅडम, गोली मत दो, बीबी ठीक है, बीबी सच बोलता है,” पण सून त्याच्याकडे कौतुकाने बघून हसली. गोळीने बीबी शांत झाली. दुपारपर्यंत झोपू लागली. जागी असली तरी मान खाली, तोंडातून लाळ. काठी कोपऱ्यातून हलेना.

तरी सकाळी, गोळी द्यायच्या आधी, थोडा वेळ तिचे डोळे स्वच्छ असत. त्या दिवशी सून एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन उभी होती. भिकाजी उशी नीट करत होता. बीबीने ओठ घट्ट मिटले. सुनेने गोंजारलं, समजावलं, आणि जरा जोर केला. तेव्हा बीबीने भिकाजीचं मनगट पकडलं. रागाने नव्हे. घरात आपलं ऐकणारा एकच कोणी आहे, हे कळल्यासारखं.

“बिकाजी,” ती म्हणाली, “तू बोल ना इनको.”

“बोल दिया, बीबी,” भिकाजी म्हणाला. “मैंने बोला.”

सुनेचा हात मागे जातो का, याची बीबीने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने तोंड उघडलं आणि गोळी घेतली.